लिस्बन, जूनमध्ये पाच रात्री: सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे आणि सोळा वर्षांचा मुलगा

मुळामुठा

नमस्कार मंडळी. जूनच्या पहिल्या आठवड्यात लिस्बन नक्की केलंय. नवऱ्याची तीन दिवस बार्सिलोनात मीटिंग आहे, ती आटोपून तो परस्पर तिकडून येईल. मी, लेक (दहावी झालेला, सध्या फुटबॉल आणि झोप एवढंच) आणि सासूबाई मुंबईहून. शुक्रवारी संध्याकाळी पोचणार, बुधवारी दुपारी परत.

सासूबाई अडुसष्टच्या, माळकरी. अंडंही चालत नाही. सपाटीवर माझ्या पुढे चालतात, जिना दिसला की गुडघा बोलायला लागतो. कच्चा आराखडा असा:

शनिवार: सकाळी २८ नंबरची ट्राम, किल्ला, आल्फामा, दुपारी बायशा, संध्याकाळी शियादू, रात्री फादू (तिकडचं पारंपरिक गाणं) ऐकायला.
रविवार: सिंत्रा, तिथून काबो दा रोका, येताना कश्काइश.
सोमवार: बेलेम.
मंगळवार: फातिमा-ओबिदुश-नझारे अशी बसची सहल.
बुधवार: सकाळी खरेदी, मग विमानतळ.

राहायला आल्फामातलं एक घर बघून ठेवलंय. स्वयंपाकघर आहे, खिडकीतून नदी दिसते, किल्ला नकाशावर चारशे मीटर. चौथा मजला आहे पण "पायऱ्या मजेशीर आहेत" असं कोणीतरी अभिप्रायात लिहिलंय. पैसे अजून भरलेले नाहीत. काय बदलू? बिनधास्त झोडपा.

उनाडपक्षी

पाच रात्री नुसत्या लिस्बनला? एवढा व्हिसा-विमानाचा खर्च करून? दोन दिवस लिस्बन, एक पोर्तो, उरलेले माद्रिद. आमच्या ग्रुपने असंच केलं होतं, सगळं कव्हर झालं.

शेवग्याची_शेंग

उनाड, "कव्हर" उशीला घालतात हो. (दिवे घ्या.)

अटलांटिक

मी लिस्बनमध्येच राहतो, नोकरीनिमित्त. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

आधी उनाडभाऊंचं. पोर्तो रेल्वेने तीन तासांवर आहे, सुंदर आहे, पण स्वतंत्र सहलीचं गाव आहे. लिस्बन ते माद्रिद थेट रेल्वे आजघडीला नाही, म्हणजे पुन्हा विमानतळ, पुन्हा बॅगा. सासूबाईंसोबत नको.

आता मुद्द्याचं. मुळामुठाताई, तुमचा आराखडा नकाशा आडवा ठेवून केलेला आहे, आणि लिस्बन उभं शहर आहे. इथे अंतर विचारायचं नाही, उंची विचारायची. ते चारशे मीटर म्हणजे गल्लीबोळातल्या पायऱ्या, त्यावर चौथा मजला, आणि तो "मजेशीर" शब्द लिहिणारा पंचविशीतला असणार. सामान घेऊन टॅक्सी दारापर्यंत येईलच असं नाही, कारण आल्फामातल्या कित्येक गल्ल्यांत गाडी शिरतच नाही.

दुसरं कारण जून. १२ जूनची रात्र आणि १३ जून हा इथला सांत आंतोनियूचा सण, पण जल्लोष महिनाभर चालतो. आल्फामात दारोदारी कोळशाच्या शेगड्या, त्यावर सार्डिन मासे, झालर लावलेल्या गल्ल्या आणि पहाटेपर्यंत गाणी. मला स्वतःला हा लिस्बनचा सर्वांत चांगला महिना वाटतो. पण माळकरी बाईंच्या खिडकीखाली रात्री दोनपर्यंत मासे भाजणं, हे तुम्ही ठरवा.

राहायला बायशा बघा, म्हणजे नदीकडचा सपाट भाग. १ नोव्हेंबर १७५५ ला, ऐन सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, मोठा भूकंप झाला, मग त्सुनामी, मग कित्येक दिवस आग. त्यानंतर तेव्हाचा मंत्री, पोंबालचा मार्किस, याच्या देखरेखीत हा भाग नव्याने आखला: सरळ रस्ते, काटकोनात चौक. भिंतींच्या आत लाकडी पिंजरा घातलेला, म्हणजे पुन्हा धरणी हलली तर घर डोलेल पण बसणार नाही. आज त्याच सरळ रस्त्यांमुळे तुमच्या सासूबाईंची सोय होते. फक्त इमारतीला लिफ्ट आहे का ते घरमालकाला स्पष्ट विचारा. जुन्या इमारती आहेत, गृहीत धरू नका.

उंची चोरायच्या जागा:
बायशा-शियादू मेट्रो स्टेशनचं एक तोंड खाली बायशात, दुसरं वर शियादूच्या चौकात. मधे सरकते जिने. टेकडी फुकटात चढून होते.
रुआ दुश फांकेरुश या रस्त्यावर एक सार्वजनिक लिफ्ट आहे. वर निघून थोडं चाललं की दुसरी लिफ्ट लागते, एका सुपरमार्केटच्या इमारतीत. दोन्ही फुकट. किल्ल्याची निम्मी चढण गेली.
उरलेल्या निम्म्यासाठी प्रासा दा फिगेराहून ७३७ नंबरची बस, ती किल्ल्याच्या दाराशी सोडते.

सरकते जिने अधूनमधून बंद असतात, तेव्हा शिव्या द्यायच्या आणि टॅक्सी बोलवायची. अ‍ॅपवरच्या टॅक्सी शहरात तशा स्वस्त आहेत, चौघांत परवडतात.

चहाबाज

छान प्रतिसाद. एक शंका: ते पिवळे फ्युनिक्युलर, म्हणजे टेकडीवर दोराने ओढले जाणारे डबे? सगळ्या फोटोंत असतात ते.

अटलांटिक

ते वेगळं लिहायचंच होतं. ग्लोरियाचा फ्युनिक्युलर १८८५ पासूनचा. ३ सप्टेंबर २०२५ ला संध्याकाळी तो उतारावरून सुटला आणि सोळा माणसं गेली. मग शहरातले इतर फ्युनिक्युलरही तपासणीसाठी थांबवले. जायच्या आठवड्यात कार्रिशच्या, म्हणजे इथल्या बस-ट्राम कंपनीच्या, संकेतस्थळावर बघा काय चालू आहे. आराखडा मात्र त्यावर बेतू नका.

शेवग्याची_शेंग

मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून मधे बोलते. वरच्या सगळ्या सल्ल्यात चढण चुकवलीय, ते बरोबर. पण गुडघ्याची झीज असेल तर चढण्यापेक्षा उतरणं जास्त दुखतं, विशेषतः पायऱ्या. "वर गाडीने, खाली पायी" असं सगळेच सांगतात आणि ते अशा बायकांना महागात पडतं. वर गाडीने जा, वरच्या सपाटीवर फिरा, खालीही गाडीने या. घडीची काठी सोबत असू द्या, इथे लाज वाटते म्हणून घेत नाहीत, तिकडे कोण ओळखतंय? आणि नवे बूट विमानात पहिल्यांदा घालू नका.

अटलांटिक

शेंगताई, हे सोन्यासारखं सांगितलंत. त्यात भर: इथले फूटपाथ चुनखडीच्या बारीक चौकोनी दगडांचे, पांढऱ्यावर काळी नक्षी. दोनशे वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेत. दोन थेंब पडले की शेवाळलेल्या घाटावर उभं राहिल्यासारखं होतं. रबरी, खाचांचा तळ असलेलेच बूट.

मग शनिवार असा करा. सकाळी टॅक्सीने पोर्ताश दु सोल. तिथलं मिरादोरू, म्हणजे नजारा बघायचा कट्टा, आणि शेजारचं सांता लुझिया, दोन्ही एकाच पातळीवर. लाल कौलं, पांढरे घुमट, खाली तेजो नदी समुद्राएवढी रुंद. तासभर बसा. सांता लुझियाच्या भिंतीवर निळ्या फरशांत भूकंपाआधीचा नदीकाठचा राजवाडा-चौक रंगवलाय तो बघा, कारण दुपारी तुम्ही त्याच चौकात उभे असाल आणि तो राजवाडा तिथे नसेल.

२८ नंबरची ट्राम: मार्तीं मोनीझला रांग बघून परत फिरावंसं वाटतं, आणि आत शिरल्यावर खिसेकापूंची चैन. बसायचंच असेल तर सकाळी आठाच्या आत, किंवा दुसऱ्या टोकाला कांपु द ओरिकला जाऊन तिथून बसा, जागा मिळते. नाहीतर १२ नंबरची. छोटी फेरी, आल्फामातूनच जाते, तेच जुने लाकडी डबे, तीच किरकिर.

फोंडेकार

आमच्या गोंयकारांचं निम्मं गणगोत लिस्बनला, त्यामुळे माझा चष्मा वेगळा आहे, आधीच सांगतो.

बेलेमला जाल तेव्हा जेरोनिमुस मठाच्या चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वास्को द गामाची शवपेटी आहे. दगडात कोरलेली, हात जोडून झोपलेला. समोरच्या बाजूला कवी कामोंइश. गामा मेला कोचीत, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. आधी तिथेच पुरला होता, मग अवशेष पोर्तुगालला नेले, आणि या मठात आले ते थेट १८८० मध्ये. मठाचं बांधकाम १५०१ चं, पैसा मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून, साधारण विसावा हिस्सा. त्या खांबांवर दोरखंड, पोवळी, जहाजाची चिन्हं कोरलीयत. आम्ही लहानपणी कोकणात ज्या मिऱ्या वाळत घालायचो त्यातली काही इथे खांब होऊन उभी आहेत असं मनात येतंच.

चर्च फुकट, आतल्या अंगणाच्या मठाला तिकीट. दोन्हीच्या रांगा वेगवेगळ्या, लोक चुकीच्या रांगेत तासभर उभे असतात. तिकीट आधी ऑनलाइन काढा. आणि ताई, सोमवारी मठ बंद असतो. तुमच्या आराखड्यात बेलेम नेमकं सोमवारी आहे.

बेलेमचा बुरूजही बघून घ्या चालू आहे का. २०२५ च्या एप्रिलपासून दुरुस्तीसाठी बंद केला होता. बंद असला तरी काही बिघडत नाही, आत अरुंद गोल जिना आणि वर तेवढीच गच्ची. बाहेरूनच देखणा.

वसईवाला

फोंडेकारबाब, तुमच्याकडे गामा, आमच्याकडे घंटा! चिमाजी आप्पांनी १७३९ ला वसई घेतली, तेव्हाची चर्चची घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात टांगलीय. लिस्बनला कोणी विचारलं तर पत्ता सांगा.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. आमच्याकडे पादुआचा संत अंतोन म्हणून ज्याच्या नोव्हेना होतात तो मुळात लिस्बनचा. कॅथेड्रलच्या अगदी खाली, त्याचा जन्म झाला म्हणतात त्या जागेवर छोटं चर्च आहे, तळघरात जाता येतं. माझ्या आईने तिथे मेणबत्ती लावली आणि सहलीचं सार्थक झालं म्हणाली, बाकीचं लिस्बन तिच्या दृष्टीने तोंडी लावणं.

जूनमध्ये तिथे आसपास मांजेरीकूच्या कुंड्या विकायला असतात. मुठीएवढं गोल झुडूप, त्यात कागदाचं कार्नेशनचं फूल आणि छोट्या झेंड्यावर चार ओळींचं प्रेमाचं कवन. तुळशीच्याच कुळातलं झाड आहे. नाक जवळ नेऊन हुंगायचं नाही, झाड कोमेजतं म्हणे. तळहात वरून फिरवायचा आणि हात हुंगायचा. मुळामुठाताई, तुमच्या सासूबाईंना हे नक्की दाखवा.

उनाडपक्षी

पण तो दर्यावर्दींचा मोठा पुतळ्यांचा समूह बघायचा की नाही? काही लोक म्हणतात वसाहतवादाचं स्मारक आहे, आपण भारतीयांनी जाऊ नये वगैरे.

फोंडेकार

जा की, कोण अडवतंय? ५२ मीटर उंच, आजचा दगडी अवतार १९६० चा, सालाझारच्या हुकूमशाहीतला. ते साल लक्षात ठेवा, कारण पुढच्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा गेला. म्हणजे बाहेर साम्राज्य विरत होतं आणि इथे त्याचा दगडी नाच चालू होता. त्याच्या पायाशी फरसबंदीत जगाचा भला मोठा नकाशा आहे, कोणत्या साली जहाजं कुठे पोचली ते लिहिलेलं. मुलाला त्यावर भारत शोधायला लावा.

तिथून पाच-दहा मिनिटांवर, राष्ट्राध्यक्षांच्या गुलाबी वाड्यासमोर, आफोंसू द आल्बुकेर्कचं उद्यान आहे, मधे उंच खांबावर तो. गोवा १५१० ला त्यानेच घेतला. त्याच्या मुलाचं घर शहरात नदीकाठी आहे, कासा दुश बिकुश. दर्शनी भिंतीवर हिऱ्याच्या पैलूसारखे टोकदार दगड. आज तिथे नोबेल मिळालेल्या साहित्यिक सारामागूंच्या नावाची संस्था आहे, आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांची रक्षा.

वसईवाला

सहलीला जाताय की हिशेब चुकता करायला? :)

फोंडेकार

दोन्ही! पण खरं सांगू, हिशेब दोन्ही बाजूंचा आहे. कॅथेड्रलशेजारी आल्जूब नावाची इमारत आहे, सालाझारच्या काळातला राजकीय कैद्यांचा तुरुंग. २०१५ पासून तिथे प्रतिकाराचं संग्रहालय आहे. हुकूमशाहीचा मार पोर्तुगीज माणसानेही खाल्लाय, हे तिथे अरुंद कोठडीपुढे उभं राहिलं की समजतं.

आणि मराठी माणसाने एक नाव सोबत न्यावं. मोहन रानडे. सांगलीचे, गोव्यात शिक्षक म्हणून आले, आझाद गोमंतक दलात लढले, १९५५ ला पकडले गेले. नंतर त्यांना लिस्बनजवळ काशियासच्या तुरुंगात ठेवलं. गोवा १९६१ ला मुक्त झाला, रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. आमच्या घरी वडील हे तारखांसकट सांगत. सुधीर फडके वगैरे मंडळींनी त्यांच्या सुटकेसाठी इकडे केवढी खटपट केली! कश्काइशच्या लोकलने जाल तेव्हा काशियास नावाचं स्टेशन लागतं, समुद्रकाठचं शांत उपनगर. पोरं सर्फबोर्ड घेऊन चढतात-उतरतात.

२५ एप्रिल १९७४ ला सैनिकांनी बंदुकीत लाल कार्नेशन खोचून ती राजवट उलथवली. त्यानंतर त्याच वर्षअखेरीस पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं करारात मान्य केलं. सालाझारचा वारस काएतानु ज्या बराकीत शरण आला तो कार्मुचा चौक, बिनछपराच्या कार्मु मठासमोर. छप्पर १७५५ च्या भूकंपात गेलं ते पुन्हा घातलं नाही. नुसत्या कमानी आणि वर आकाश. अटलांटिकने सांगितलेल्या त्या सरकत्या जिन्यांनी शियादूत आलात की दोन-तीन मिनिटांचं चालणं.

चहाबाज

कागदपत्रांचं कोणी बोलत नाही म्हणून मी.

शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो (जून २०२४ पासून), लेक सोळाचा म्हणजे पूर्ण फी. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, कायद्याने किमान पंधरा दिवस आधी, पण जूनसाठी मार्चमध्येच अपॉइंटमेंट धरा. मे-जूनला अख्खा महाराष्ट्र युरोपला निघालेला असतो. विमा किमान ३०,००० युरोचा. तुमच्या यजमानांचे बार्सिलोनाचे दिवस कमी आणि लिस्बनचे जास्त, म्हणून त्यांनीही पोर्तुगालकडेच अर्ज करायचा. जिथे जास्त मुक्काम तो देश. दिवस समसमान असते तर जिथे आधी उतरणार तो.

ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे-फोटो घेऊन नोंद करायची नवी पद्धत सुरू झालीय, त्यामुळे पासपोर्टची रांग लांबू शकते. शुक्रवारी रात्री कुठलंही बुकिंग ठेवू नका. मुंबईहून थेट विमान नाही, दुबई, इस्तंबूल किंवा युरोपातल्या कुठल्यातरी शहरातून. युरोपातून गेलात तर ती रांग तिथेच लागते, लिस्बनला नाही. सासूबाईंसाठी व्हीलचेअर सेवा तिकीट काढतानाच मागा, फुकट असते.

मुक्कामाच्या बिलात शहराचा कर येतो, माणशी रात्री चार युरो. चौघांचे ऐंशी होतात, बजेटमध्ये धरा.

शेवग्याची_शेंग

आता पोटाचं. आमच्याकडेही एक माळकरी सदस्य असल्याने अनुभवाचे बोल.

पास्तेल द नाता, ज्यासाठी सगळे वेडे होतात, त्यात अंड्याचा बलक ठासून भरलेला असतो. सासूबाईंना नाही चालणार. इथल्या जवळपास सगळ्याच पारंपरिक मिठायांचं तेच. मठांतल्या जोगिणी कपड्यांच्या खळीला पांढरं वापरायच्या आणि उरलेल्या बलकाची मिठाई, अशी गोष्ट सांगतात. तुम्ही आणि लेक मात्र बेलेमच्या त्या १८३७ पासूनच्या दुकानात जा. बाहेरची रांग पुड्यांची. आत निळ्या फरशांचे दालनामागून दालन, तिथे बसायला जागा मिळते. गरम असतानाच, वर दालचिनी.

"काल्दू वेर्द" नावाचं हिरवं सूप शाकाहारी दिसतं, त्यात सॉसेजचा काप लपलेला असतो. समोसा दिसला, "शामुसा", की हुरळू नका, बहुतेक खिम्याचा. पाठ करा: सें कार्न (मांस नको), सें पैश (मासे नको), सें ओवु (अंडं नको). तिन्ही म्हणायची. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हटलं की टुना येतो.

चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं म्हणून काही माळकरी खात नाहीत. पण लिस्बनच्या दक्षिणेचं आझेइतांवचं मेंढीचं चीज काटेरी फुलाच्या अर्काने विरजतात, प्राण्याचं काही नाही. वरची चकती कापून आतलं मऊ चीज चमच्याने पावावर घ्यायचं. थोडं कडसर लागतं, सगळ्यांना आवडेलच असं नाही.

बसल्या बसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, लोणी येऊन पडतं. ते भेट नाही, बिलात लागतं. नको असेल तर हात न लावता परत करा, कोणी वाईट वाटून घेत नाही.

अटलांटिक

+१. घराला स्वयंपाकघर असू द्या, तोच सगळ्यात मोठा आधार. मार्तीं मोनीझजवळच्या गल्ल्यांत बांगलादेशी, गुजराती, नेपाळी दुकानं आहेत. तूरडाळ, कढीपत्ता, पोहे सगळं मिळतं, मुंबईहून डाळ वाहून आणू नका. आणि लुमियार भागात राधाकृष्णाचं मोठं मंदिर आहे, मुख्यतः मोझांबिकहून आलेल्या गुजराती लोकांनी उभारलेलं. तिथल्या उपाहारगृहात शाकाहारी थाळी मिळते. वेळ आधी विचारून घ्या. सासूबाईंना एक दिवस वरण-भात आणि आरती मिळाली की पुढचे दोन दिवस त्या तुम्हाला काही म्हणणार नाहीत.

लेकासाठी: जूनमध्ये लीग संपलेली असते, सामना नाही, पण बेन्फिकाच्या मैदानाची फेरी असते, मेट्रोने जाता येतं. मंगळवारची ती बसची सहल काढून टाका असं मी म्हणेन. तीन गावं, तासन्‌तास बस, प्रत्येक ठिकाणी थोडासाच वेळ. त्याऐवजी मंगळवारी सकाळी फेरा दा लाद्रा, चोरबाजारच म्हणा. मंगळवार आणि शनिवार एवढेच दोन दिवस असतो. जुन्या फरशा, तुटके कॅमेरे, कोणाच्यातरी आजोबांची पदकं, अंगोलाच्या लढाईतले गणवेश, सगळं चादरीवर मांडलेलं. मागेच राष्ट्रीय पँथेऑन, म्हणजे देशातल्या थोरांच्या समाध्यांची इमारत, त्यात फादू गायिका आमालिया रोद्रिगिश आणि फुटबॉलपटू युजेबियू दोघंही आहेत. गायिका आणि फुटबॉलपटू राष्ट्रपुरुषांच्या रांगेत, हे मला फार आवडतं. टॅक्सीने जा-या करा, तीही टेकडीच आहे.

बायशात कोणी कानाशी येऊन अमली पदार्थ विकायला लागलं तर लेकाला आधीच सांगून ठेवा: बहुतेक ते तमालपत्र असतं. "नांव, ओब्रिगादू" (नको, धन्यवाद) म्हणायचं आणि पुढे चालायचं.

उनाडपक्षी

बरं, सिंत्राचं तरी एका दिवसात सगळं होतं ना? काबो दा रोका म्हणजे युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक, ते कसं सोडायचं?

अटलांटिक

दोन राजवाडे आणि टोक आणि कश्काइश, सगळं केलं तर दिवसभरातला निम्मा वेळ बसच्या रांगेत जातो. टोकावर वारा आहे आणि एक खांब आहे. सोडा.

सिंत्राला रोसियू स्टेशनहून लोकल, चाळीस मिनिटं. पेना राजवाडा एकच धरा. फेर्नांदू दुसरा या राजाने १८४० च्या दशकात बांधायला घेतला, पिवळा-लाल, केकच्या दुकानातून उचलून आणल्यासारखा. मला स्वतःला भडक वाटतो, पोरांना आवडतो. तिकिटावरची वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नाही. मधे चढाची वाट आहे, आत छोटी बस मिळते, ती घ्या. अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा, उशीर झाला तर आत सोडत नाहीत. खाली शहरात ऊन असताना वर धुकं असतं, सगळ्यांना जाकीट. वेळ उरला तर मुलाला घेऊन किंता दा रेगालेराची उलटी विहीर, जमिनीत २७ मीटर गोल गोल उतरणारा जिना. सासूबाईंना बाहेर कॉफीला बसवा.

फोंडेकार

सिंत्राला आणखी एक गंमत आहे, पण बघायला मिळणार नाही. पेन्या वेर्द ही गोव्याचा व्हाइसरॉय दों जुआंव द काश्त्रु याची बागवाडी. त्यात सोमनाथ पाटणहून नेलेला १२८७ चा संस्कृत शिलालेख होता, वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातला. अभ्यासक त्याला सिंत्रा प्रशस्ती म्हणूनच ओळखतात. खासगी मालमत्ता आहे, फाटकावरून परत फिरायचं.

वसईवाला

व्वा, हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

मुळामुठा

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. आल्फामातलं घर रद्द. बायशात लिफ्ट असलेलं, दुसऱ्या मजल्यावरचं मिळतंय, नदी दिसत नाही पण मेट्रो कोपऱ्यावर. नवा आराखडा:

शुक्रवार: फक्त पोचणे आणि खिचडी.
शनिवार: टॅक्सीने पोर्ताश दु सोल, १२ नंबरची ट्राम, कॅथेड्रलजवळ अंतोनचं चर्च आणि आल्जूब. दुपारी झोप. संध्याकाळी सरकत्या जिन्याने शियादू, कार्मु.
रविवार: बेलेम.
सोमवार: सिंत्रा, फक्त पेना.
मंगळवार: सकाळी चोरबाजार, पँथेऑन. मग लुमियारचं मंदिर (मी आणि सासूबाई) / बेन्फिका (बापलेक). संध्याकाळी जमलं तर लोकलने कश्काइश.
बुधवार: नदीकाठाने सपाट फेरी, विमानतळ.

फादू कुठे बसवू? आणि सगळ्या प्रवासाला कार्ड एकच घ्यायचं का?

फोंडेकार

रविवारी सकाळी जेरोनिमुसच्या चर्चमध्ये मिस्सा असते, पर्यटकांना आत सोडत नाहीत. बेलेम दुपारनंतर करा, सकाळी उशिरा उठा. आणि सोमवारी शहरातली बरीच संग्रहालयं बंद म्हणून निम्मी जनता सिंत्रालाच पळते. पेनाची सकाळची पहिली वेळ घ्या.

अटलांटिक

फादू शनिवारी नको, गर्दी आणि भाव दोन्ही चढे. सोमवारी सिंत्राहून लवकर परत आलात तर त्या रात्री मोरारिया या जुन्या वस्तीत एखादी छोटी जागा. जेवणासकटच घ्यावं लागतं बऱ्याच ठिकाणी, म्हणून सासूबाईंचं जेवण आधी फोनवर ठरवून घ्या. दिवे मंद झाले की गप्प बसायचं, ताटं-चमचेही खाली ठेवायचे. लेकाचा मोबाइल काढून घ्या, इथले लोक फादू चालू असताना बोलणाऱ्याकडे ज्या नजरेने बघतात ती विसरता येत नाही.

कार्ड नावेगांत, प्रत्येकाचं वेगळं, अर्ध्या युरोला मिळतं. त्यावर "झॅपिंग" म्हणजे सुटे पैसे भरून ठेवा. मेट्रो, ट्राम, लोकल, कासिल्यासची बोट, सगळ्याला चालतं. बोट विसरू नका. कायश दु सोद्रेहून दहा मिनिटांत पलीकडच्या काठावर, एकही पायरी न चढता अख्खं शहर समोर. बुधवारच्या सपाट फेरीत ती बसते. संग्रहालयांची प्रवेश तिकिटं धरून येणारं लिस्बोआ कार्ड तुम्हाला परवडणार नाही, तुम्ही दिवसाला एकच ठिकाण करताय.

मुळामुठा

नोंद केली. कश्काइशच्या लोकलला कुठल्या बाजूला बसू?

अटलांटिक

जाताना डावीकडे, नदी आणि पुढे समुद्र त्याच बाजूला. गाडी कायश दु सोद्रेहूनच सुटते, पाच मिनिटं आधी गेलात की खिडकी मिळते. संध्याकाळी सातनंतर निघालात तरी चालेल, जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो. फक्त सासूबाईंसाठी शाल घ्या, तिकडे वारा असतो.